कच्ची शाई

माझ्या मामाला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी थांबून विचारपूस केली की तो कसनुसं हसत मामीकडे बघायचा. मामी ओठ हलवल्या-न हलवल्यासारखं पुटपुटायची, "डावखुरे डॉक्टर." की मामाचा जीव भांड्यात पडायचा. त्याला हात आठवत. डॉक्टरांचं पेन कुठल्या अंगाला कलतं, वेलांटी काढताना ते कुठे अडखळतात, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

दोन उंच इमारतींमधल्या बोळात त्याचं फाउंटन पेनांचं दुकान होतं. लांबट आणि चिंचोळं, आगगाडीच्या डब्यातल्या वाटेसारखं. एका बाजूला काचेचं कपाट, समोर काउंटर, काउंटरच्या टोकाला मामाचं कामाचं टेबल. त्यावर वाकता येणारा दिवा, भिंग, बारीक घासपट्ट्या, निबेला कड काढायची छोटी मोटर आणि निबा धुवायचं चिनी मातीचं पसरट भांडं. मागे दोन खोल्या होत्या. तिथे ते दोघं राहत. त्यांना मूल नव्हतं. मी शिकायला त्यांच्याकडे होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं.

पेन घ्यायला आलेल्या माणसाला मामा कधी विचारायचा नाही की तुम्हाला कुठलं दाखवू. कागद पुढे सरकवायचा, एक साधं पेन हातात द्यायचा आणि म्हणायचा, लिहा. माणसं काय लिहितात? आपलं नाव, नाहीतर सही. त्याचा मामाला उपयोग नसे. नाव लिहिताना माणूस सावरून बसतो, हात आवळून धरतो, फोटो काढताना पोट आत घ्यावं तसा. म्हणून मामी. ती काउंटरला कोपर टेकून उभी असायची आणि सहज वाटेल अशा बेताने सुरू व्हायची. घरी कोण कोण असतं, साहेब खडूस आहे का, पाय का असा टाकताय, मुरगळला का. गिऱ्हाईक बोलायला लागायचं, हसायला लागायचं आणि हात आपला आपण कागदावर चालत राहायचा. तेवढ्यात मामाचं काम होऊन जायचं. दाब अंगठ्याचा की मधल्या बोटाचा, शब्द संपला की हात उचलला जातो की घसरत पुढे जातो. त्यावरून पेन ठरायचं. मग तो एकच प्रश्न विचारायचा, कागद कुठला वापरता. त्यावरून शाई.

लोकांना वाटायचं, नवरा कारागीर आहे आणि बायको बडबडी आहे.

एकदा एक नवा जावई सासऱ्यांसाठी पेन घ्यायला आला. सगळ्यांत भारी दाखवा म्हणाला. मामीने विचारलं की सासरे लिहितात का. तो म्हणाला, नाही, सह्या करतात. "मग यांना जाड निबेचं द्या हो," मामी मामाला म्हणाली. "सही मोठी आली की माणूसही मोठा दिसतो." जावयाने तेच घेतलं, आणि जाताना दबक्या आवाजात विचारलं की शाई कुठली घेऊ. मामीने त्याला नीट समजावलं. ओल्या, म्हणजे शाई जास्त सोडणाऱ्या निबेला जरा दाट शाई लागते, कोरड्या निबेला पातळ. जोडी जमली पाहिजे. "नाहीतर आमच्यासारखं होतं," ती म्हणाली, "एक गळतं आणि एक अडकतं." मामाने भिंगातून वर बघितलं आणि परत खाली.

एका शाईला मात्र त्या दुकानात जागा नव्हती. शाळेतली मुलं वापरतात ती फिकट निळी, पाण्याचा थेंब पडला की निघून जाणारी. मामा तिला कच्ची शाई म्हणायचा. कुणी मागितलीच तर समोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. पुसूनच टाकायचं असेल तर लिहायचं कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. त्याची आवडती होती काळपट निळी, पक्की. लिहिल्यावर काळी होत जाणारी. गिऱ्हाइकासमोर तो त्या शाईत लिहिलेला कागद भांड्यातल्या पाण्यात बुडवायचा, हलवायचा, बाहेर काढून दाखवायचा. अक्षर जागच्या जागी. हे दाखवतानाच तेवढा तो जरा बोलका व्हायचा.

मामीचा आवाज बसला तेव्हा कुणीच मनावर घेतलं नाही. ती स्वतःही नाही. इतकी वर्षं दोघांच्या वाटचं मी एकटी बोलतेय, झिजणारच, असं ती सांगायची. बरेच दिवस ते तसंच चाललं. मग एका दुपारी छापखान्यातून निवृत्त झालेले एक जुने गिऱ्हाईक निब दुरुस्तीला आले होते, ते जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, "वहिनी, हा घसा दाखवून घ्या. मागच्या वेळीही असाच होता."

मामाने काम थांबवलं. "आवाज बसलाय का तुझा?" त्याने विचारलं.

मामी म्हणाली, "नाही हो. तुमचे कान बसलेत."

गाठ स्वरयंत्रावर होती. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. स्वरयंत्र काढायचं, मानेत पुढे एक छिद्र ठेवायचं, श्वास तिथून. वेळेवर केलं तर जीव वाचण्याची आशा होती. आवाज जाणार होता. मामीने विचारलं, कुजबुजण्यापुरता तरी उरेल का. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. परत येताना आम्ही तिघं चालतच आलो. बोळाच्या तोंडाशी आल्यावर मामी म्हणाली, "चला, शेजारच्या वहिनींना त्यांचा रेडिओ नीट ऐकू येईल आता." मामाने कुलूप उघडलं. आधी त्याने चुकीची किल्ली लावली होती. मी पाहिलं. मामीनेही पाहिलं असणार.

त्याच संध्याकाळी त्याने कपाटाच्या मागच्या खणातून एक काळं पेन काढलं. एबोनाईटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, धातूसारखं गार न लागणारं, वजनाला हलकं, बोटांत भरेल इतपत जाड. ते त्याने कित्येक वर्षं कुणाला दाखवलंही नव्हतं. हे मामीचं, असं तो मला म्हणाला. ऑपरेशननंतर हातात ताकद नसेल, बॉलपेन दाबावं लागतं, हे नुसतं टेकवलं की चालेल. तिला उशीला टेकून, तिरकं, कसंही लिहावं लागेल, म्हणून निब चहूबाजूंनी गुळगुळीत हवी. निब मऊ आणि चांगली ओली ठेवायची. ओल्या निबेला पातळ शाई चालणार नाही, फुटेल, म्हणून ती काळपट निळी पक्की. हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. तिचा एक शब्द वाया जायचा नाही, असं तो म्हणाला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

अडचण एकच होती. अख्ख्या गावाचे हात ओळखणाऱ्या मामाला मामीचा हात माहीत नव्हता. ती दुकानात बोलायची. बिलं, हिशेब, पार्सलांवरचे पत्ते, सगळं लिहिणं मामाकडे. त्याने तिला काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या जागी बसवलं आणि कागद पुढे केला. मामीने नाव लिहिलं. हात आवळलेला. तिला युक्ती माहीत होती, त्यामुळे ती तिच्यावर चालेना.

"आता गप्पा कोण मारणार?" तिने विचारलं.

मामाने पेन परत घेतलं. पुढे चार दिवस तो तिला चोरून बघत होता. चमचा कसा धरते, सुईत दोरा ओवताना बोटं कुठे असतात, कात्री कशी चालवते. त्यावरून त्याने अंदाज बांधला आणि निब घासायला घेतली.

ऑपरेशनची तारीख जवळ होती. मामी रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की तिची खुर्ची मामाच्या टेबलाजवळ आणून ठेवायची. तिला बोलायचं होतं. आवाज फाटका झाला होता, मधेच तुटायचा, तरी ती बोलत होती. तिच्या थोरल्या बहिणीशी झालेलं भांडण, ज्याचं कारण आता दोघींनाही आठवत नव्हतं. दुकानात पहिल्यांदा उभी राहिली त्या दिवशी घातलेल्या चपला. बोलता बोलता ती मामाला काही विचारायची. मोटर गुणगुणत असायची. बारीकच आवाज, पण डासासारखा, कानात भरून राहणारा. मामा भिंग डोळ्याला लावून "हं" म्हणायचा.

"हं काय?" ती विचारायची.

"हं."

मग ती माझ्याकडे वळायची. म्हणायची, भिंतीशी बोलले असते तर निदान स्वतःचा आवाज तरी परत ऐकू आला असता. आम्ही दोघी हसायचो. मामा निबेवर फुंकर घालायचा, कागदावर आठाचे आकडे काढून बघायचा, मान हलवायचा, परत मोटर. कुठेतरी एक खरखर त्याला लागत होती. ती आम्हाला कुणालाच लागत नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी मामीने खुर्ची अगदी जवळ घेतली. बराच वेळ ती काहीतरी सांगत होती. मी आत तिची हॉस्पिटलची पिशवी भरत होते, मला शब्द ऐकू येत नव्हते, आवाज तेवढा येत होता, आणि त्याच्या खाली मोटर. मग ती थांबली.

"अहो, ती मोटर बंद करा," ती म्हणाली. "उद्यापासून मी बोलणार नाही."

"झालंच," मामा म्हणाला. "एवढी एक कड राहिलीय."

ती थोडी बसली. मग उठून आत आली आणि पिशवीतले कपडे पुन्हा काढून पुन्हा घड्या घालायला लागली. मोटर चालू होती. तिचा आवाज आम्ही शेवटचा ऐकला तो तेव्हाच. सकाळी ती काही बोलली नाही. अजून बोलता येत होतं, तरी.

ऑपरेशन ठीक झालं. तिला टेकून बसता यायला लागलं त्या दिवशी मामाने ते पेन न्हायलेल्या बाळासारखं रुमालात गुंडाळून नेलं. पुठ्ठ्यावर कागद लावून तिच्या मांडीवर ठेवला, टोपण काढून पेन बोटांत दिलं. ती लिहू लागली. मी तशी निब पुन्हा पाहिली नाही. आवाज नाही, अडखळणं नाही, पाण्यावरून सावली सरकावी तसं पेन चाललं होतं. तिने लिहिलं, 'छान चालतंय.' मामा लहान मुलासारखा हसला. मग तिने खाली लिहिलं, 'त्या संध्याकाळी मी काय सांगत होते?'

मामाने वाचलं. पुन्हा वाचलं. मी खिडकीकडे बघू लागले.

मामीने कागद काढून घेतला, त्याचे तुकडे केले आणि पलंगाखालच्या टोपलीत टाकले. ती झोपल्यावर मामा वाकून ते गोळा करत होता. मला वाटलं, आवरतोय.

घरी आल्यावर पर्याय बरेच निघाले. हॉस्पिटलने पांढरी पाटी आणि मार्कर दिला होता, पण मार्करच्या वासाने तिला खोकला सुटायचा, आणि तो खोकला मानेतून यायचा. खडूच्या धुळीला डॉक्टरांचीच मनाई होती. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळत होतं. तिने ते एकदा लावलं, त्यातून निघालेला आवाज ऐकला आणि खोक्यात परत ठेवलं. मी तिला मोबाईलवर लिहायला शिकवलं. एकेक अक्षर शोधून ती वाक्य पुरं करेपर्यंत मामा खोलीतून निघून गेलेला असायचा. तिने पेनाने मला लिहून दिलं, 'एवढ्या वेळात राग गार होतो. मग बोलून काय फायदा?'

त्यामुळे पेनच उरलं. आणि त्यामुळे रागही कागदावर उतरायला लागला.

मामी पूर्वी दिवसभर मामाला बोलायची. तुम्हाला काही कळत नाही, तुमच्या जागी मीठ ठेवलं असतं तरी जेवणाला उपयोग झाला असता, असलं काहीबाही. मामा ते ऐकायचाही नाही आणि ते कुठे राहायचंही नाही. आता 'तुम्हाला काही कळत नाही' हे वाक्य सकाळी टेबलावर पडलं की संध्याकाळपर्यंत तिथेच असायचं. त्यावर चहाचा कप ठेवला जायचा. दुपारी ती 'दूध तापलंय' लिहायला कागद ओढायची तेव्हा वर सकाळचं असायचं, सुकून काळं झालेलं. ती कागद फाडून टाकायला लागली. तरी घरात सगळीकडे तिचं बोलणं पडलंय असं वाटायचं. एका वाईट दिवशी, मानेतली नळी बदलताना नर्सकडून रक्त आलं त्या दिवशी, तिने लिहिलं, 'त्या ऑपरेशनच्या टेबलावरच संपले असते तर बरं झालं असतं.' तोही कागद तिने फाडला.

मामा दुकान चालवत होता, पण गिऱ्हाईक आता नाव लिहायचं आणि हात आवळून बसायचं. तो निबा पूर्वीसारख्याच लावत होता. लोक मात्र आठवड्याने पेन परत आणत. हातात बसत नाही म्हणत.

एक दिवस मामी टिपकागद शोधायला दुकानात गेली. मामाच्या टेबलाचा मोठा खण तिने कधी उघडला नव्हता. टिपकागदाच्या थप्पीत, दोन दोन टिपकागदांच्या मधे, तिचे सगळे कागद होते. दूध तापलंय. खिडकी लावा. हा शर्ट नको. तुम्हाला काही कळत नाही. फाडलेले तुकडे मागून पट्टी लावून जुळवलेले, इस्त्री केल्यासारखे सपाट. हॉस्पिटलमधला पहिला कागद होता. आणि टेबलावर संपण्याचाही.

तिने ती थप्पी उचलून काउंटरवर आणून ठेवली. मामा एकटाच होता, मी नुकतीच बाहेरून आले होते. तिचा श्वास मानेतून जोरात येत होता. तिने तिथलंच एक पेन घेतलं आणि उभ्याउभ्या लिहिलं. लिहून कागद त्याच्याकडे फिरवला.

'बोललेलं कुणी असं भरून ठेवतं का? मी रागावले होते. माझा राग गेला. हे का नाही गेलं?'

"जपून ठेवलं," मामा म्हणाला. "एवढंच राहिलंय तुझं."

तिने कागद परत ओढला. 'जपायचं होतं तेव्हा तुमची मोटर चालू होती.'

मग तिने चिनी मातीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं आणि थप्पीकडे बोट दाखवलं. मामाला कळलं. त्याने पाणी ओतलं, पहिला कागद बुडवला, हलवला. गिऱ्हाइकांना दाखवायचा तसंच. अक्षर जागच्या जागी राहिलं. दुसरा बुडवला. कागद मऊ पडला, कडांनी विरघळायला लागला, पण अक्षरं तशीच. मामी बघत होती. शेवटी त्याने दोन्ही हात पाण्यात घातले आणि कागद चोळायला लागला, कणीक मळावी तसा, लगदा होईपर्यंत. एकामागून एक. त्याच्या बोटांना काळपट निळं लागलं ते कित्येक दिवस निघालं नाही. लगद्यातही कुठे एखादी मात्रा, एखादा काना शाबूत दिसत होता.

सगळे संपल्यावर मामीने लिहिलं, 'मला कच्ची शाई आणून द्या.'

"ती आपण ठेवत नाही," मामा म्हणाला.

तिने वाक्याखाली रेघ ओढली.

तो समोरच्या दुकानात गेला. तिथला दुकानदार त्याला इतकी वर्षं ओळखत होता. आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, असं तो मोठ्याने म्हणाला आणि शाळेच्या मुलांच्या रांगेतून हात लांबवून मामाला बाटली दिली. मामाने पिशवी मागितली नाही. बाटली सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून आणली.

पण जोडी जमेना. त्याने ती निब दाट शाईसाठी मोकळी ठेवली होती. पातळ शाई तिच्यातून भळभळून आली, अक्षरांची तळी झाली. निब नव्याने लावायला हवी होती, आणि त्यासाठी मामीचा हात बघायला हवा होता. या वेळी अंदाज चालणार नव्हता. ती परत गिऱ्हाइकाच्या जागी बसली. मामा टेबलावरून उठून काउंटरशी आला. भिंग काढून खिशात ठेवलं. आणि कोपर टेकून उभा राहिला, थेट मामीसारखा.

"आज हवा बरी आहे," तो म्हणाला.

मामी लिहिता लिहिता थांबली.

"घरी कोण कोण असतं आपल्या?" मामाने विचारलं.

मामीचे खांदे हलायला लागले. हसण्याचा आवाज नव्हता, नुसती मानेतून हवा येत होती, फू फू करत. ती हसत होती आणि हात चालू होता. तिने लिहिलं, 'एक नवरा आहे. बिघडलेला. दुरुस्त होईल का?' मामाचे डोळे तिच्या बोटांवर होते. त्याला त्या वेळी दिसलं असावं की आजवरचा त्याचा अंदाज चुकीचा होता. ती पेन फार मागे धरायची, जवळजवळ टोकाशी, आणि दाब द्यायचीच नाही. त्याने निब आवळली, कड थोडी कमी केली. मोटर लावली नाही, हाताने घासली. ती समोर बसून होती आणि मधून मधून लिहीत होती, आणि तो प्रत्येक वेळी घासपट्टी खाली ठेवून वाचत होता.

त्यानंतर घरात तसा नियमच झाला. तिने लिहायचं, आम्ही वाचायचं, कागद पाण्यात घालायचा. निळं पाणी व्हायचं, कागद जवळजवळ कोरा व्हायचा, दोरीवर वाळत घातला की पुन्हा चालायचा. मामाने त्यासाठी जाड कागद शोधून आणला होता. ती त्याला पूर्वीसारखीच बोलायला लागली, तुम्हाला काही कळत नाहीसुद्धा, आणि ते पाच मिनिटांत पाण्यात जायचं. फरक एवढाच होता की मामाला आता तिचं प्रत्येक वाक्य वाचल्याशिवाय सुटका नव्हती. वाचायला लागतं, मान हलवून भागत नाही. बहिणीच्या भांडणाचं कारण तिला एकदा अचानक आठवलं, ते तिने मोठ्या उत्साहाने दोन पानं लिहिलं. तेही धुऊन गेलं. आज मला ते आठवत नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळचं मात्र तिने कधी लिहिलं नाही. मामाने एकदा विचारलं होतं, माझ्यासमोर. तिने लिहिलं, 'आता ते तसं सांगता येणार नाही.'

थंडी संपता संपता तिला धाप लागायला लागली. आजार खाली छातीत उतरला होता. डॉक्टरांनी या वेळी चित्र काढलं नाही. घरी न्या म्हणाले. मागच्या खोलीत, बोळाकडच्या खिडकीशी तिचा पलंग लावला. मामाने दुकान उघडायचं सोडलं. तिला जागेपणी लिहावंसं वाटेल तेव्हा पेन भरलेलं असायचं, पुठ्ठा, कागद, पाण्याचं भांडं, सगळं हाताशी. लिहिणं कमी होत गेलं. पाणी. उशी. नको. मग फक्त डोळे.

एका दुपारी तिने स्वतःहून हात पुढे केला. मामाने पेन दिलं. ती लिहायला लागली आणि लिहीत राहिली. मधे थांबायची, डोळे मिटायची, पेन कागदावर टेकलेलंच राहायचं आणि तिथे निळा डाग वाढत जायचा. मामा डाग वाढला की अलगद तिचं मनगट उचलायचा. ती पुन्हा सुरू करायची. खिडकीतला उजेड पलंगावरून भिंतीवर गेला, भिंतीवरून वर सरकला. पान भरलं. तिने पेन सोडलं.

मामा कागद घेऊन खिडकीशी गेला. मी त्याच्या मागे उभी होते, मला पान दिसत होतं. ओळी वर चढत गेल्या होत्या, एकमेकींवर आल्या होत्या, शिरोरेघा कुठच्या कुठे, अक्षर म्हणावं असं जवळजवळ काहीच नव्हतं. मामाने भिंग लावलं नाही. तो वरपासून वाचत गेला, ओळीमागून ओळ, सावकाश, शेवटपर्यंत. मामी उशीवरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. संपल्यावर तो वळला. तिने भुवया उचलल्या.

"वाचलं," मामा म्हणाला.

तिची नजर भांड्याकडे गेली. मामाने कागद पाण्यात सोडला आणि बोटांनी हळूच दाबला. तिला दिसेल असं भांडं जरा कलतं धरलं. निळं हळूहळू सुटत गेलं. मामीने डोळे मिटले. त्यानंतर तिने पेन मागितलं नाही. पुढच्या आठवड्यात ती गेली.

माणसं येऊन गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, मी मामाला विचारलं की त्या पानात काय होतं. तो ओट्याशी उभा राहून कप विसळत होता.

"एकही शब्द लागला नाही," तो म्हणाला.

मला राग आला. "मग 'वाचलं' असं का म्हणालास? विचारायचं ना तिला परत. तिने सांगितलं असतं."

त्याने कप पालथा घातला. हात पुसायला काही सापडेना, तसेच ओले हात घेऊन उभा राहिला.

"तेवढं लिहायला तिला सगळी दुपार लागली होती गं," तो म्हणाला.